बंद लँडलाइनच्या वायरी आणि चालू सर्विस वायर : कॉलेज रोडच्या एका बंगल्याचं प्रकरण

घर नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतलं, खाली-वर असा ऐंशीच्या दशकातला बंगला. काका ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, रिटायर झालेले, काकू शाळेत शिकवायच्या, मुलगी लग्न होऊन पुण्याला. लँडलाइन त्यांनी केव्हाच सरेंडर केलेली, डिपॉझिटसुद्धा परत मिळालेलं, म्हणजे कागदावर फोन संपला. भिंतीवर मात्र सगळं जसंच्या तसं. गेटसमोरच्या खांबावरून छज्ज्याच्या कोपऱ्यापर्यंत वायरींचा एक झुबका, त्यात फोनच्या, केबल टीव्हीच्या, आत्ताच्या इंटरनेटची, आणि एक-दोन अशा की ज्या कुणाच्या ते घरात कुणालाच माहीत नाही. छज्ज्याखाली गंजलेला लोखंडी ब्रॅकेट आणि त्यावर चिनी मातीचा इन्सुलेटर. मी घरांच्या वायरिंगची कामं करतो, त्यांचा मीटरबोर्ड मीच बदललेला, म्हणून जुलैच्या पावसात काकांचा फोन मला आला.

झालं असं की रात्रीच्या वाऱ्यात कंपाउंडमधल्या गुलमोहोराची जाड फांदी मोडली आणि थेट त्या झुबक्यावर येऊन बसली. गुलमोहोराचं लाकूड ठिसूळ, पावसाचं पाणी पिऊन जड झालं की फांदी कधी बसेल सांगता येत नाही. वायरी तुटल्या नाहीत, तुटल्या असत्या तर कदाचित बरं झालं असतं, त्या नुसत्या लोंबल्या. एक वायर गल्लीवर आडवी, टू-व्हीलरवाल्याच्या बरोबर गळ्याच्या उंचीला. आणि दुसरी, जी काकांच्या बंद फोनची होती, ती खाली सरकून खांबावरून मीटरला येणाऱ्या विजेच्या सर्विस वायरवर जाऊन टेकली होती आणि वाऱ्याने तिच्यावर घासत होती. हीच वायर कुणीतरी पूर्वी ताण कमी करायला गेटच्या लोखंडी कमानीला बाइंडिंग वायरने बांधून ठेवलेली. काकांनी फोनवर हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "शेजारचा पोरगा पक्कड घेऊन शिडीवर चढतोय, म्हणतो काका फोनचीच वायर आहे, करंट नसतो तिच्यात, कापून टाकतो."

त्याला आधी खाली उतरवा म्हटलं. गेटला कुणी हात लावू नका, मागच्या दाराने ये-जा करा, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना स्कूटर आडवी लावून लोकांना थांबवा. लाल कापड बांधू का असं काकूंनी विचारलं, तर वायरीला हातच लावायचा नाही, कापड बांधायला पण नाही. मग १९१२ वर विजेची तक्रार टाकायला सांगितली आणि ती टाकताना नुसतं "वायर पडली" असं न सांगता "फोनची वायर सर्विस वायरला टेकली आहे आणि लोखंडी गेटला बांधलेली आहे" एवढं पूर्ण वाक्य सांगा म्हटलं. पावसाळ्यात तक्रारींचा ढीग असतो, आणि शॉक बसायची शक्यता आहे हे समोरच्याला कळलं तर तो ढिगातून ही वर काढतो.

आता त्या पोराचं वाक्य घेऊ, कारण निम्मं नाशिक हेच समजतं. फोनच्या वायरीत करंट नसतो हे चूक आहे. चालू लँडलाइनवर फोन ठेवलेला असताना एक्सचेंजकडून साधारण ४८ व्होल्ट डीसी येत असतात, रिसीव्हर उचलला की ते दहाच्या आसपास उतरतात, आणि रिंग वाजते तेव्हा त्याच तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. कोरड्या हाताला ४८ व्होल्ट बहुतेक वेळा जाणवत नाहीत, पण ओल्या हाताने तार धरलेली असताना नेमकी रिंग आली तर चांगलाच झटका बसतो, आणि माणूस शिडीवर असेल तर झटक्यापेक्षा पडण्याने जास्त लागतं. आणखी एक म्हणजे खिशातला निऑनचा टेस्टर ४८ व्होल्ट डीसीला लागतच नाही. टेस्टर लागला तर लाइन आहे हे खरं, पण नाही लागला म्हणजे वायर मेलेली आहे असं अजिबात नाही.

पण इथे प्रश्न ४८ व्होल्टचा नव्हताच. काकांची वायर दोन्हीकडून बंद होती, एक्सचेंजकडून लाइन काढलेली आणि घरात कुठल्याच फोनला लावलेली नाही. आणि बंद वायर चालू वायरपेक्षा जास्त धोक्याची असते, हे मी मुद्दाम जोर देऊन लिहितोय. चालू फोनची वायर विजेला टेकली तर फोन बिघडतो, खरखर येते, एक्सचेंजमध्ये त्या लाइनला प्रोटेक्टर असतात, कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येतं. बंद वायर विजेला टेकली तर काहीच होत नाही. ती गुपचूप २३० व्होल्ट घेऊन लटकत राहते. घरातला एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच) पडत नाही, आरसीसीबी (करंट गळला की पडणारा) पण पडत नाही, कारण ही दोन्ही मीटरच्या नंतर येतात आणि वायर टेकलीये मीटरच्या आधी, खांबावरून येणाऱ्या भागात. म्हणजे घरात कितीही भारी आरसीसीबी लावलेला असू दे, गेटच्या कमानीला आलेला करंट त्याला दिसणारच नाही. आणि जुन्या ड्रॉप वायरीचं, म्हणजे खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या फोनच्या वायरीचं, काळं कव्हर इतकी वर्षं उन्हात तापून तडकलेलं असतं, हाताने वाकवलं तरी पापुद्रे निघतात. सर्विस वायरचं कव्हर पण तसंच म्हातारं. दोन म्हातारी कव्हरं पावसात एकमेकांवर घासतात तेव्हा मध्ये काय उरतं ते बघायला थांबायचं नसतं.

वीज कंपनीचा लाइनमन आला, चांगला माणूस होता, त्याने खांबावरून सप्लाय तोडला, त्याआधी टेस्टर त्या फोनच्या वायरीला लावून बघितला तर मंद का होईना पण लागला. म्हणजे लीकेज होतंच. फांदी काढून त्याने फोनची वायर बाजूला केली, सर्विस वायर जिथे सोलली होती तिथे टेप मारला आणि ती बदलून घ्या म्हणून सांगितलं. कमानीची बाइंडिंग वायर सोडली, लोंबणारी वायर वर ओढून खांबाला तात्पुरती बांधली. बाकीच्या वायरींचं काय विचारलं तर म्हणाला, "दादा, त्या आमच्या नाहीत, आम्हाला हात लावता येत नाही." बरोबरच आहे त्याचं.

इथपर्यंत तातडीचं झालं. खरं काम इथून पुढे. काकांचं म्हणणं एकच, आता हे सगळं जंजाळ एकदाचं उतरवा. मीही त्याच मताचा, पण आधी कुठली वायर कुणाची हे कळल्याशिवाय एकही कापायची नाही यावर मी अडून बसलो, आणि ते बरंच झालं ते पुढे कळेल.

पाऊस उघडल्यावर गच्चीवरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून खांबापासून भिंतीपर्यंत प्रत्येक वायरीचे फोटो काढले आणि ते मोठे करून त्यावरच रंगीत रेघा मारल्या. वायरी ओळखायला फार शिक्षण लागत नाही. दोन तारा शेजारी शेजारी जोडलेल्या, चपटी, काळी, ती फोनची ड्रॉप वायर. जाड, गोल, आत एकच तांब्याची तार आणि तिच्याभोवती जाळी, ती केबल टीव्हीची. आणि एकदम बारीक, चपटी किंवा गोल, हाताला कडक लागणारी, आत तांबं नाहीच, ती फायबर. या हिशोबाने काकांच्या भिंतीवर फोनच्या तीन ड्रॉप वायरी निघाल्या, टीव्हीच्या दोन, फायबर एक. आणि गच्चीच्या कोपऱ्याला नुसती टेकून पुढे पुढच्या घरांकडे गेलेली एक फोनची वायर वेगळीच.

काकांना आठवत होतं की त्यांच्याकडे दोन कनेक्शन होती, एक घरचं आणि एक मुलीच्या कॉलेजच्या वेळी इंटरनेटसाठी घेतलेलं. दोन्हीचे फोन जोडायचे डबे घरात सापडले, एक शोकेसच्या मागे, एक बेडरूममध्ये पलंगाच्या पाटीमागे. दोन्ही उघडून मल्टिमीटर लावला. इथे एक गोष्ट सांगतो, मीटर आधी एसीच्या मोठ्या रेंजवर लावायचा, लगेच डीसीवर नाही, कारण आपण ज्या वायरीला फोनची समजतोय तिच्यावर वीज असू शकते, हे आपण नुकतंच बघितलेलं. तार ते तार बघायचं, आणि प्रत्येक तार ते अर्थिंग पण बघायचं. दोन्ही जोड्यांवर एसी शून्य, डीसी शून्य. म्हणजे या दोन नक्की बंद.

तिसरी राहिली. ती काकांच्या घरात शिरतच नव्हती. ब्रॅकेटवर तिला टेप मारलेला एक जॉइंट होता आणि तिथून ती भिंतीला धरून मागे, कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे गेलेली. जॉइंट उघडायचा मोह होतो, पण ती वायर आपली नाही, म्हणून मी तो उघडला नाही. मी आणि काका तिच्यामागे चालत गेलो, डोळ्यांनी धरून, आणि पोचलो मागच्या आजींच्या खिडकीशी. आजी एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा फोन चालू होता. रोजच्या वापरातला.

काकांनी विचारलं, "आजी, तुमची वायर आमच्या भिंतीवरून येते का हो?" तर त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या वडिलांनीच सांगितलं होतं तेव्हा, आमच्याकडून न्या म्हणून. खांब तुमच्याच दारात होता ना." आणि लगेच पुढे, "पण पाऊस लागला की खरखर करतो बाई, मला वाटायचं फोनच जुना झाला." देवळालीची त्यांची बहीण रोज संध्याकाळी त्याच नंबरवर फोन करते, तो नंबर तिला पाठ आहे, आणि कानाच्या मशीनसोबत मोबाइलपेक्षा रिसीव्हरवर आजींना नीट ऐकू येतं. त्या दिवशी पक्कड चालली असती तर एका ऐंशी पार केलेल्या एकट्या बाईचा फोन तुटला असता आणि का तुटला हे कुणालाच कळलं नसतं.

खरखरीचं कारण तो टेपचा जॉइंट. नुसत्या पिळ देऊन जोडलेल्या तांब्याच्या तारा, वरून काळा टेप, टेपचा डिंक उन्हाने सुकतो, पावसाचं पाणी आत जातं, तांब्यावर हिरवा थर चढतो, मग जोड कधी लागतो कधी सुटतो आणि ओल असली की दोन तारांमध्येच लीकेज होतं. पाऊस आला की फोन बिघडतो आणि ऊन पडलं की आपोआप नीट होतो, असं ज्यांच्याकडे होतं त्यांनी फोन बदलायच्या आधी बाहेरचे असले जॉइंट बघून घ्यावेत.

मग तक्रार कुठे करायची. १९८ हा तक्रारीचा नंबर सगळ्या टेलिकॉम कंपन्यांसाठी सारखाच आहे, पण तिथे पहिला प्रश्न येतो, तुमचा नंबर सांगा. काकांचा नंबर तर बंद, सिस्टिममध्ये नाहीच, म्हणजे तक्रार नोंदवलीच जात नाही. ही अडचण खूप लोकांना येते, वायर कंपनीची, भिंत माझी, पण मी कंपनीचा ग्राहक नाही म्हणून माझं कुणी ऐकत नाही. इथे आजींचा नंबर कामी आला. त्यांच्या नंबरवर खरखरीची आणि ड्रॉप वायर लोंबत असल्याची तक्रार टाकली, जी शंभर टक्के खरीच होती, तक्रारीचा डॉकेट नंबर मिळाला. आणि काकांच्या नावाने वेगळा लेखी अर्ज त्या भागाच्या टेलिफोन ऑफिसात एसडीई (उपविभागीय अभियंता) साहेबांच्या नावे दिला, सोबत रेघा मारलेले फोटो, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही. अर्जात राग, इतिहास काही लिहिला नाही. "माझ्या घराच्या दर्शनी भिंतीवर आपल्या बंद कनेक्शनच्या दोन ड्रॉप वायर आहेत, त्यातली एक अमुक तारखेला विजेच्या सर्विस वायरला टेकली होती, वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने ती बाजूला केली, दोन्ही वायर खांबापासून काढून न्याव्यात, तसेच मागील घराची चालू वायर माझ्या भिंतीवरून जाते ती त्यांची सेवा बंद न पडता दुसऱ्या मार्गाने न्यावी." एवढंच. यात साहेबाला नेमकं काय करायचं ते कळतं आणि नाही केलं तर काय होऊ शकतं तेही कळतं.

काका म्हणाले, माझ्या भिंतीवरची वायर मी कापली तर कोण काय करणार आहे. तर कायद्याचं पण थोडं. टेलिफोनच्या तारा १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली लोकांच्या जागेवरून नेल्या गेल्या. त्या कायद्यात असं होतं की तार नेली म्हणून जागा कंपनीची होत नाही, जागा मालकाचीच राहते, आणि मालकाला त्या जागेत काही बदल करायचा असेल तर तो तार हलवा अशी मागणी करू शकतो. पण मुद्दाम तार तोडणं किंवा बिघडवणं हा गुन्हा होता. आता त्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय, आणि तारेचं मुद्दाम नुकसान करणं हा आजही गुन्हाच आहे. काकांसारख्या माणसाला कुणी जेलमध्ये टाकणार नाही हे मलाही कळतं, पण आजींची वायर कापली गेली असती तर विषय तिथवर गेला असता.

दरम्यान काकांच्या ओळखीतले एक गृहस्थ येऊन गेले, जेल रोडला राहतात, आयुष्यभर टेलिफोनमध्ये लाइनमन होते आणि २०२० च्या बीएसएनएलच्या मोठ्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, बाहेर पडले. त्यांच्याकडून जे कळलं ते लिहितो, कारण असली माणसं आता कमी होत चाललीत. एक्सचेंजमधून निघालेली जाड केबल जमिनीखालून रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत येते, म्हणजे ते लोखंडी कपाट जे आपण रोज बघतो आणि ज्यावर क्लासेसच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. पिलरपासून छोटी केबल खांबावरच्या डब्यापर्यंत, त्यात बऱ्याचदा दहा जोड्या. डब्यापासून तुमच्या घरापर्यंत ड्रॉप वायर. ते म्हणाले, "कनेक्शन बंद करताना आम्ही डब्यात किंवा पिलरला जोडी सोडायचो, वायर भिंतीवर तशीच. कोण चढून काढत बसणार, उद्या परत कनेक्शन घेतलं तर कामाला येईल असं वाटायचं." यात मला त्यांची चूक वाटत नाही, त्या काळी फोन परत घेतलेही जायचे, नवीन फोनला वेटिंग लिस्ट होती. पण आता कुणी परत तांब्याची लाइन घेणार नाही, जो तो फायबर घेतोय, म्हणजे या वायरी आता कधीच कामाला येणार नाहीत.

वायर काढायचा क्रम त्यांनी सांगितला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत कामाचं हेच आहे. वायर खांबाकडून सोडायची, घराकडून नाही. खांब ते घर वायर ताणलेली असते. घराकडे कापली की तुटलेलं टोक झपकन खांबाच्या दिशेने जातं, रस्त्यावर पडतं किंवा वाटेतल्या विजेच्या तारांवर जाऊन पडतं, आणि मग दुसरं टोक खांबाला बांधलेलं असल्यामुळे ती तिथे लटकतच राहते, म्हणजे आधीपेक्षा वाईट. नाशिकमध्ये कुठल्याही जुन्या गल्लीत मान वर करून बघा, अशा अर्ध्या कापलेल्या वायरी खांबाखांबावर लोंबताना दिसतील. रंग देताना, पत्रे टाकताना, नवीन ग्रिल बसवताना कुणीतरी आपल्या बाजूने कापलेली असते आणि आपली भिंत मोकळी झाली म्हणून समाधान मानलेलं असतं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण ते टोक ज्याच्या अंगावर पडणार तो कापणारा नसतो, रस्त्याने जाणारा असतो.

टेलिफोनची माणसं आली, थोडा वेळ लागला पण आली, एक कंत्राटी मुलगा आणि त्याच्याबरोबर एक जुना माणूस. आधी आजींचं काम. खांबावरून त्यांच्याच बाजूच्या गल्लीतून नवीन ड्रॉप वायर टाकली, मध्ये जॉइंट नाही, सलग. टेस्ट फोन लावून डायल टोन बघितला, आजींनी देवळालीला फोन लावून बघितला, बहिणीने पलीकडून उचलला, मगच त्यांची जुनी वायर सोडली. हा क्रम पण महत्त्वाचा, आधी नवीन चालू, मग जुनी बंद.

मग काकांच्या दोन. सर्विस वायरच्या वरून काम असल्यामुळे वीज कंपनीला सांगून तेवढ्या वेळापुरता सप्लाय बंद ठेवला होता. शिडी बांबूची, अॅल्युमिनियमची नाही. खांबावर जो माणूस होता त्याने आधी डब्यातून तारा सोडल्या, मग वायरीला दोर बांधून ताण दोरावर घेतला आणि हळूहळू खाली सोडली, खाली मी आणि काका गल्ली अडवून उभे. वायर पूर्ण जमिनीवर आल्यावर घराकडचं टोक सोडलं. फार मोठं काम नाही ते, पण नीट केलं तर. गुंडाळलेली वायर तेच घेऊन गेले, ती त्यांचीच. गल्लीतून जाणारा भंगारवाला विचारत होता, असल्या वायरी तांब्यासाठी लोक जाळतात म्हणून सांगतो, त्या पीव्हीसीचा धूर फार विषारी असतो, जाळू नका आणि जाळणाऱ्याला देऊ नका.

टीव्हीच्या दोन वायरींसाठी केबलवाल्याला वेगळं बोलवावं लागलं. त्या पण बंद असतील असं धरून चालायचं नाही, केबलच्या मुख्य लाइनीतून कधी कधी अॅम्प्लिफायरचा सप्लाय पण जातो. त्याने स्वतः येऊन बघितलं आणि दोन्ही काढल्या. फायबर ठेवली, ती चालू. ती काढून पुन्हा बसवताना एवढंच बघितलं की कोपऱ्यात ती काटकोनात दुमडली जाणार नाही, कारण फायबर जास्त वाकली की आतला उजेड पुढे जात नाही आणि घरातल्या बॉक्सवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागतो. आणि फायबर तुटलेली दिसली तर टोकाला बोट लावायचं नाही, काचेचा कण बोटात गेला तर दिसतही नाही आणि निघतही नाही, आणि टोकात डोळा लावून बघायचं नाही, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही.

आता ओलीचा विषय. काकूंच्या हॉलमध्ये दाराच्या बाजूच्या भिंतीवर दर पावसाळ्यात ओल यायची, पोपडे निघायचे. पेंटरने पुट्टी भरून रंग दिला, पुढच्या पावसाळ्यात परत तेच. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला सांगितलं होतं कुणीतरी, हजारोंचा खर्च. जुनी फोनची वायर भिंतीतून ओढून काढली तेव्हा तिच्याबरोबर आतून ओली लाल माती आणि मुंग्यांचं घर बाहेर आलं, आणि भोकात बघितलं तर उतार आतल्या बाजूला. बस, हेच कारण. खांबावरून घराकडे वायर खाली उतरत येते, पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत भिंतीपर्यंत येतं आणि भोक आत उतरतं असल्यामुळे सरळ प्लास्टरच्या मागे जातं. पागोळीखाली घागर ठेवावी तशी ती भिंत इतकी वर्षं पाणी भरून घेत होती. शोकेस समोर असल्यामुळे कुणाला दिसलंच नाही.

ते भोक साफ करून वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलेल्या सिमेंट मसाल्याने दोन्हीकडून भरलं. फायबरसाठी नवीन भोक पाडलं ते बाहेरच्या बाजूला उतरतं, आत छोटा पाइप, तोंडाला सिलिकॉन, आणि वायर भोकात शिरायच्या आधी भोकाच्या खाली एक झोका घेऊन वर वळवली, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाला येऊन तिथेच ठिबकतं, वर चढून आत जात नाही. इंटरनेट, एसी, सोलर, काहीही बसवायला माणूस आला की हा झोका ठेवायला सांगा, बरेच जण ठेवत नाहीत. पेंटरला मात्र लगेच रंग देऊ दिला नाही, प्लास्टर आतून वाळायला वेळ लागतो, रंग दिवाळीच्या आधी देऊ म्हटलं. नंतर मोठा पाऊस होऊन गेला तरी ओल वाढलेली नाही, डाग खालून हळूहळू सुकत आलाय.

लोखंडी ब्रॅकेट पण काढला. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आजूबाजूचं प्लास्टर फोडतं, तिथे चीर पडायला सुरुवात झालेलीच होती. ग्राइंडरने कापून, आतला तुकडा ठोकून काढून खड्डा भरला. इन्सुलेटर काकांनी ठेवून घेतला. सर्विस वायर पण वीज कंपनीकडून बदलून घेतली, सोललेल्या जागी नुसता टेप ठेवून चालत नाही.

गुलमोहोराच्या बाकीच्या फांद्या खांबाकडे झुकलेल्याच आहेत. झाड काकांच्याच कंपाउंडमध्ये असलं तरी शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, त्यासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, आणि मोठी छाटणी पण विचारून केलेली बरी. म्हणून छाटणीचा अर्ज उद्यान विभागात दिलाय, फोटोसह. तारांजवळची फांदी मात्र माळ्याकडून परस्पर तोडून घ्यायची नाही, ओली फांदी तारेवर पडली तर कोयता हातात असलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

राहिली ती गच्चीच्या कोपऱ्याला टेकून पुढच्या घरांकडे गेलेली वायर. ती दोन घरं सोडून असलेल्या बंद बंगल्याची निघाली, मालक मुंबईला असतात, गणपतीला येतात. फोन बहुतेक बंदच असणार, पण त्यांच्या घरातला डबा बघितल्याशिवाय आणि त्यांना विचारल्याशिवाय ती सोडायची नाही असं काकांनीच ठरवलं. टेलिफोनच्या माणसांनी ती तात्पुरती सर्विस वायरपासून लांब, खांबावर वरच्या बाजूला घट्ट ओढून बांधलीये, गच्चीच्या कठड्यावर टेकायची तिथे पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवलाय, आणि मी तिच्यावर प्लास्टिकची पट्टी लावून घर कुणाचं ते लिहून ठेवलंय. मालक आले की त्यांच्याकडूनही लेखी अर्ज घेऊन त्याच ऑफिसात द्यायचाय, काकांच्या पोचेची झेरॉक्स सोबत जोडून.